‘जेवलीस का?’ हो, नाकातून!

आतड्याचा जुनाट आजार असला की काहींना काही आठवडे, काहींना कित्येक वर्षं नळीतून अन्न घ्यावं लागतं. अशी नळी लावून घरी राहणं, प्रवास करणं, कॉलेजला जाणं कसं असतं? शिरूर-दौंड पट्ट्यातल्या एका विद्यार्थिनीचा हा अनुभव.

आमच्या शिरूर तालुक्यात कुणी भेटलं की दोन प्रश्न ठरलेले. “कुठं चाललीस?” आणि “जेवलीस का?” पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर कुणालाच नको असतं. दुसऱ्याचं मात्र लागतं. ‘नाही’ म्हटलं तर ताट येतं, ‘हो’ म्हटलं तरी निदान चहा येतो. गेल्या वर्षी सलग नऊ आठवडे मी या प्रश्नावर अडखळत होते. पोटात अन्न जात होतं, रोज सोळाशे कॅलरी मोजून जात होतं. पण तोंडातून एक घास नाही. सगळं नाकातल्या नळीतून.

नळी तशी बारीक. एका नाकपुडीतून बाहेर आलेली, गालावर चिकटपट्टीने बसवलेली, कानामागून मागे नेलेली. पण माणसं आधी नळीकडे बघायची, मग माझ्याकडे. पहिला प्रश्न असायचा, “कॅन्सर आहे का?” दुसरा, “डॉक्टरांनी काय सांगितलंय?” आणि तिसरा, मी जरा लांब गेले की आईला हळूच, “मग आता हिच्या लग्नाचं कसं?”

आजारपणात मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, असं कुणी विचारलं तर मी नळीचं नाव घेणार नाही. नळीची सवय चार दिवसांत झाली. लोकांच्या नजरेची सवय व्हायला फार वेळ लागला.

टेन्शन नव्हतं, आतडं होतं

सुरुवात बारावीत झाली. बेंबीच्या उजव्या बाजूला खाली दुखायचं. जेवलं की अर्ध्या-पाऊण तासात कळ. संध्याकाळी बारीक ताप, मधूनच जुलाब. घरच्यांनी मेसच्या जेवणाला दोष दिला, शेजाऱ्यांनी परीक्षेच्या टेन्शनला. आजीने मीठ-मोहरी ओवाळून नजर काढली. मी ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहिले आणि दुखू नये म्हणून जेवण कमी करत गेले. वजन ४६ किलोवरून ३४ वर आलं, तेव्हा कुठे सगळे घाबरले.

दुर्बिणीने तपासणी झाली. लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथे जुळतं, तिथे जखमा होत्या आणि मार्ग अरुंद झाला होता. आपल्या देशात अशा जागी अशा जखमा दिसल्या की डॉक्टरांसमोर दोन नावं येतात : आतड्याचा टीबी आणि क्रोन्स डिसीज. दोन्ही त्याच जागी होतात, दुर्बिणीतून सारखेच दिसतात, तुकडा काढून तपासला तरी कधी कधी स्पष्ट होत नाही. जगात टीबीचे सर्वांत जास्त रुग्ण भारतात आहेत. त्यामुळे बऱ्याचदा आधी टीबीची औषधं देतात आणि दोन-तीन महिन्यांनी जखमा भरल्या का, ते पुन्हा तपासतात. माझंही तसंच झालं. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या. पण घरात माझा पेला वेगळा झाला, ताट वेगळं झालं. फुप्फुसात टीबी नसेल तर पोटाचा टीबी असा उष्ट्या पेल्यातून पसरत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोवर वेगळ्या ताटात जेवायची सवय होऊन गेली होती.

औषधांनी जखमा भरल्या नाहीत. निदान बदललं : क्रोन्स.

हे नाव पडलं न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन यांच्यावरून. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये या आजाराचं वर्णन छापलं. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्यात दाह करत राहते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही तो होऊ शकतो. बहुतेकदा तरुण वयात सुरू होतो, कधी शांत बसतो, कधी उसळतो. पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही; ताब्यात ठेवणारी औषधं आहेत. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं जून १९५६ मध्ये याच आजारासाठी ऑपरेशन झालं होतं, आणि त्याच नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, “हिला निवडणूक नको, दोन भाकरी खाऊ देत.”

शिंप्याच्या मापाची नळी

माझ्या आतड्याचा अरुंद झालेला तुकडा काढावा लागणार होता. पण ३४ किलोच्या अंगावर टाके भरून यायचे कसे? सर्जन म्हणाले, आधी वजन वाढवा. घट्ट अन्न त्या अरुंद जागेत अडकत होतं, म्हणून फक्त द्रवआहार. तो दिवसभरात दीड-दोन लिटर पिणं मला जमेना. दोन पेले झाले की उलटी. मग नळीचा निर्णय झाला.

नळी घालण्याआधी नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घेतात. शिंप्याने बाहीचं माप घ्यावं, तसं. मग नाकातून नळी सरकवताना सिस्टर म्हणत राहतात, “गीळ, घोट घे, गीळ.” डोळ्यांतून पाणी येतं, घशात ओकारी दाटते, दीड-दोन मिनिटं अगदी नको होतं. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर धोका असतो, म्हणून माझा एक्स-रे काढून ती जठरात पोचल्याची खात्री केली आणि मगच पहिला थेंब सोडला.

पहिले काही दिवस अगदी थोडं अन्न दिलं. मला वाटलं कंजुषी चाललीय. तसं नव्हतं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं, तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदयावर ताण येऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून आणि कैदेतून सुटलेल्या उपाशी माणसांच्या बाबतीत डॉक्टरांना याचा कटू अनुभव आला होता. म्हणून रोज रक्त तपासत, पायरी पायरीने वाढवत न्यायचं.

दवाखान्यात सगळे या नळीला ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात. जॉन राइल हे लंडनचे डॉक्टर. त्यांनी १९२१ मध्ये ती मांडली. गंमत म्हणजे त्यांना ती जठरातला रस तपासणीसाठी बाहेर काढायला हवी होती. आत घालायचा रस्ता ती पुढे झाली. पण नाकातली नळी थोड्या दिवसांसाठीच चांगली. महिना-दीड महिन्याहून जास्त काळ लागणार असेल, तर डॉक्टर बहुतेकदा पोटावर छोटं छिद्र करून थेट जठरात नळी बसवतात. तिला ‘पेग’ म्हणतात. मोठं ऑपरेशन न करता, दुर्बिणीच्या मदतीने ती बसवण्याची पद्धत अमेरिकेत क्लीव्हलँडच्या गॉडरर आणि पॉन्स्की या दोन डॉक्टरांनी एका तान्ह्या बाळासाठी काढली आणि १९८० मध्ये छापली. जठराच्याही पुढे, लहान आतड्यात अन्न सोडायचं असेल तर त्याच्या नळ्या वेगळ्या. माझं काम महिन्या-दोन महिन्यांचं होतं, म्हणून मऊ, बारीक नळी नाकातच ठेवली.

अशी नळी फक्त क्रोन्समध्ये लागते असं नाही. अन्ननलिकेचा किंवा घशाचा कॅन्सर, पक्षाघातानंतर गिळता न येणं, स्वादुपिंडाची सूज, चुकून किंवा रागाच्या भरात प्यायलेल्या संडास धुण्याच्या ॲसिडने आवळलेली अन्ननलिका, अशी कितीतरी कारणं. वॉर्डात माझ्याबरोबर नाकात किंवा पोटावर नळी असलेले सहा जण होते. नळी एकच दिसायची, प्रत्येकाची गोष्ट वेगळी.

डबा, दूध आणि भिंतीवरचा खिळा

पंधरा दिवसांनी नळीसकट घरी सोडलं. माझी खोली बदलली. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा होता, त्यावर फीडची पिशवी लटकू लागली. रात्री दहाला लावायची, थेंब थेंब सकाळी सहापर्यंत. पाठीखाली उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोपायचं, म्हणजे अन्न उलटून घशात येत नाही. वीज गेली तरी काही अडत नाही, कारण थेंब आपल्या वजनाने पडतात. दिवसा मोठ्या सिरिंजने चार वेळा. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर पाणी सोडून नळी धुवायची. नाकाजवळ नळीवर पेनाने खूण केलेली असते, ती सरकली नाही ना, ते बघायचं. सरकली असेल तर काही सोडायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

प्रश्न आला पैशांचा. तयार पावडरचा ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम एक दिवस पुरायचा. उसाचं बिल अजून यायचं होतं. ऑपरेशन सरकारी योजनेत बसतं का, याची चौकशी वडिलांनी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे केली होती, पण रोजचा डबा घरचाच. शेवटी आहारतज्ज्ञ मॅडमनी अर्धं डब्यातलं आणि अर्धं घरचं असं बसवून दिलं. डेअरीला जाणाऱ्या दुधातून माझं दूध बाजूला निघू लागलं. नाचणीचं सत्त्व, साखर, तेल, सगळं चमच्याने मोजून. आईने आयुष्यात मीठसुद्धा अंदाजाने घातलंय. तीच आता वाटीला खुणा करून मोजायला शिकली.

एका रात्री घाईत तिने फीड चाळणीतून गाळलं, कापडातून गाळायचं राहिलं. अकराच्या सुमाराला थेंब थांबले. नळी तुंबली. वडील म्हणाले, “थांब, बारीक तार घालून बघतो.” मी ओरडलेच. नळीत तार कधीच घालायची नाही. नळी फाटली तर आतून इजा होते. आम्ही कोमट पाणी सिरिंजमध्ये घेतलं आणि अगदी हलक्या हाताने पुढे-मागे करत बसलो. चाळीस मिनिटं गेली. नळी मोकळी झाली तेव्हा आईला रडू आलं. अशा वेळी जोर लावायचा नाही, आणि नाहीच सुटली तर नळी बदलायला जायचं, हे आम्ही त्या रात्री शिकलो.

पण खरी अडचण स्वयंपाकघरात होती. माझ्यासमोर कसं जेवायचं म्हणून घरचे लपून जेवायला लागले. मी ओट्यावर बसले की भाऊ ताट घेऊन मागच्या दारी जायचा. आषाढात शेजारी मटण शिजलं, तेव्हा आईने आमची खिडकी लावून घेतली. त्यांची माया मला कळत होती. पण आठ-दहा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की घरात मी एकटी राहू लागले आहे. नळीतून अन्न येत होतं. जेवण मात्र बंद झालं होतं. जेवण म्हणजे ताटाभोवतीच्या गप्पा, भाकरी कुणाला कडक लागते त्यावरून भांडण, “अजून एक घे”चा आग्रह.

एका रात्री मीच पिशवी काढून स्वयंपाकघरात नेली, मांडणीच्या कडीला अडकवली आणि म्हटलं, “बसा सगळे. मी पण जेवतेय.” भावाने पहिला घास घेतला तो मान खाली घालून. तिसऱ्या घासाला त्याने विचारलं, “आज तुझ्यात काय आहे?” मी म्हटलं, “नाचणी. तुझ्यात?” मग हसलो सगळे. बाजरीच्या भाकरीचा वास मला यायचा. जीव तळमळायचा, खोटं कशाला सांगू? पण मागच्या दारी जाणाऱ्या भावापेक्षा समोर बसून भाकरी मोडणारा भाऊ बरा वाटायचा.

डोक्यातली दोन चित्रं

माणसं नळी बघून एवढी का घाबरतात, याचा मी खूप विचार केला. आपल्या डोक्यात नाकातल्या नळीची दोनच चित्रं आहेत. एक मणिपूरच्या इरोम शर्मिला यांचं. नोव्हेंबर २००० ते ९ ऑगस्ट २०१६, जवळजवळ सोळा वर्षं त्या उपोषणावर होत्या आणि त्यांना नाकातून सक्तीने अन्न दिलं जात होतं. पेपरात, टीव्हीवर तो चेहरा आपण नळीसकटच पाहिला. दुसरं चित्र मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांचं. १९७३ च्या हल्ल्यानंतर तिथल्या परिचारिकांनी त्यांना वर्षानुवर्षं हाताने मऊ अन्न भरवलं. २०१० मध्ये तापाच्या आजारपणानंतर त्यांना नळी लावावी लागली, आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाबद्दल निकाल दिला तेव्हा त्या नळीचीही चर्चा झाली.

म्हणजे नळी दिसली की एक तर सक्ती आठवते, नाही तर शेवट. पाठीला सॅक लावून लेक्चरला निघालेल्या मुलीच्या नाकात नळी, असं तिसरं चित्र आपल्याकडे नाही. दुसरीकडे आहे. जपानमध्ये क्रोन्सचे अनेक रुग्ण रात्री झोपताना स्वतःच नाकातून बारीक नळी घालतात, रात्रभर द्रवआहार घेतात, सकाळी नळी काढतात आणि कामाला जातात. हे ऐकलं तेव्हा मला माझी नळी जरा हलकी वाटली.

केडगावची गाडी

दर पंधरवड्याला पुण्यात तपासणी असायची. आमचं गाव न्हावऱ्याच्या बाजूला. शिरूरहून नगर रस्त्याने जावं तर शिक्रापूर आणि वाघोलीला गाडी कधी अडकेल सांगता येत नाही. ज्याला आतड्याचा आजार आहे त्याला ट्रॅफिक जॅम म्हणजे नुसता उशीर नसतो. एसटीत संडास नसतो, आणि कळ आली की दहा मिनिटंही फार असतात. म्हणून आम्ही उलटा रस्ता धरायचो. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून केडगाव स्टेशन आणि दौंडहून येणारी पुण्याची गाडी. कधी आदल्या दिवशीच दौंडला मामाकडे मुक्काम. शिरूर ते पुणे वाटेत कुठे स्वच्छ संडास आहे, कुठल्या हॉटेलवाल्याला विचारलं तर तो नाही म्हणत नाही, याचा नकाशा माझ्या डोक्यात पक्का आहे. तुमच्या वर्गात पोटाचा आजार असलेलं कुणी असेल तर त्याच्याकडेही असा नकाशा असणार. विचारून बघा.

गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा तोंडाला ओढणी गुंडाळली होती. उरुळीपर्यंत गुदमरले. दुसऱ्या खेपेला सोडून दिली. समोरच्या बाईंनी शेंगदाणे पुढे केले, मग नळी दिसली आणि हात तसाच थांबला. त्यांच्या मांडीवरच्या पोराने मात्र सरळ विचारलं, “ताई, नाकात काय गं?” मी म्हटलं, “स्टेशनवर डब्यात पाइपने पाणी भरतात ना? तसं माझ्या पोटात दूध भरतात.” त्याला पटलं. लगेच पुढचा प्रश्न : “चॉकलेटचं भरतात का?” एवढा सोपा प्रश्न मला दोन महिन्यांत कुणीच विचारला नव्हता.

त्याच महिन्यात दौंडला मामेबहिणीचं लग्न होतं. आई म्हणाली, “तू घरीच थांब, लोक विचारतील.” मी गेले. पंगत बसली तेव्हा मला कुठे उभं राहावं कळेना. मग जिलेबीचं ताट उचललं आणि वाढायला निघाले. आग्रह मला चांगला जमतो. पहिल्या रांगेतली माणसं बिचकली. दुसऱ्या रांगेत एक आजोबा म्हणाले, “पोरी, तू काही खाल्लंस का?” मी म्हटलं, “हो आजोबा, मघाशीच वर खोलीत लटकवून आले.” ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. तिसऱ्या रांगेपर्यंत मी फक्त वाढपी होते.

हजेरी, पेपर आणि बाटली

कॉलेजची लढाई वेगळी. ७५ टक्के हजेरी कुठून आणायची? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे रक्ताचे आजार त्यात आहेत. आतड्याचा जुनाट आजार नाही. म्हणजे प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही. आमचा आजार बाहेरून दिसतही नाही. नळी होती तोवर निदान लोकांचा विश्वास बसायचा. ती निघाल्यावर “आता तर चांगली दिसतेस की!”

एक निकाल मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. लिहिताना हाताला आकडी येणाऱ्या एका उमेदवाराला यूपीएससीने लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात सांगितलं की लेखनिक देताना ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावून अडवता येणार नाही. माणसाची गरज बघून वाजवी सोय करावी लागेल. तो निकाल थेट आमच्या आजारावर नाही. पण ‘वाजवी सोय’ हा शब्द मी अर्जात लिहायला शिकले.

डॉक्टरांचं पत्र जोडून मी तीनच गोष्टी मागितल्या : दाराजवळची जागा, विचारावं न लागता संडासला जाण्याची परवानगी, आणि हॉलमध्ये फीडची बाटली व सिरिंज. पहिल्या पेपरला पर्यवेक्षकांनी बाटली बाहेर ठेवायला लावली. चक्कर येत असताना मी शेवटचा प्रश्न सोडून दिला. दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन थेट वरिष्ठांकडे गेले. त्यांनी पाच मिनिटांत सही केली. यात कुणी दुष्ट नव्हतं. असा विद्यार्थी त्यांनी याआधी पाहिलाच नव्हता.

मैत्रिणींचंही तसंच. आधी त्या माझ्यासमोर कँटीनचं नावच काढेनात. मग एकीने दुपारच्या फीडची वेळ आपल्या मोबाइलवर लावून घेतली. दुसरी सिरिंज धरायला शिकली. कँटीनमध्ये त्या वडापाव खायच्या आणि मी नाकातून नाचणी. वाईट दिवसही होते. सगळं सोडून द्यावंसं वाटायचं, रात्री थेंब मोजत जागी राहायचे. ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर मला वॉर्डातल्या सिस्टरनी लिहून दिला होता. एकदा लावला. पलीकडच्या व्यक्तीने घाई न करता ऐकून घेतलं, एवढ्यानेही ती रात्र निघाली.

नळी गेली, आजार आहे

नऊ आठवड्यांत वजन ४० किलो झालं. ऑपरेशन झालं. अरुंद तुकडा काढून दोन टोकं जोडली. नळी निघाली त्या दिवशी नाक हलकं वाटलं आणि चेहरा विचित्र मोकळा. नंतर काही दिवसांनी पहिली पेज प्यायले. मीठ जास्त झालं होतं. आई आनंदाच्या भरात मोजायला विसरली होती.

पण ही ‘बरी झाली’ची गोष्ट नाही. क्रोन्समध्ये जोडलेल्या जागी आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. औषधं चालू आहेत, तपासण्या चालू आहेत. सिगारेटने हा आजार बळावतो, म्हणून कट्ट्यावर कुणी पेटवली की मी उठते. हुरडा, कच्ची काकडी, टरफलासकटची कडधान्यं जपून. पुन्हा कधी नळी लागेलही. लागली तर आता माप कसं घेतात ते मला माहीत आहे.

खिळ्यावर परत कॅलेंडर आलंय. खिळा मात्र आईने जरा वर ठोकून घेतलाय. “असू दे,” म्हणाली, “उंचावरून थेंब चांगले पडतात.”

तुमच्या वर्गात कुणाला नळी असेल तर...

• आधी नाव विचारा, नळीबद्दल नंतर. कुतूहल असेल तर सरळ विचारा. टक लावून बघत बसू नका.

• “एक घास खा, काही होत नाही,” असा आग्रह करू नका. काहींना तोंडाने थोडं चालतं, काहींना थेंबही चालत नाही. ते त्यांचं त्यांना ठाऊक असतं.

• नळी ओढली जाणार नाही याची काळजी घ्या. गर्दीत, बाइकवर, खेळताना.

• नळी निघाली किंवा सरकली तर आपल्या हाताने परत घालू नका, त्यातून काही सोडू नका. पोटावरची नळी निघाली तर छिद्र काही तासांतच आवळू लागतं. लगेच दवाखान्यात न्या.

• गोळ्या कुटून नळीतून देण्याआधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात.

• नोट्स द्या, हजेरीच्या अर्जासाठी ऑफिसात सोबत जा. तिथे एकट्याने उभं राहणं सगळ्यात जड जातं.

• डब्याच्या वेळी त्यांना वगळू नका. शेजारी जागा ठेवा. आणि “जेवलीस का?” हे जरूर विचारा. उत्तर “हो” असंच येईल.